'लवचिक वेळ' नेमणूकपत्रात कुठे असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पगार न वाढवता चांगले उमेदवार कसे मिळवावेत, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, आभार. पण त्यात टेबल टेनिस, फळांची टोपली आणि वाढदिवसाचा केक यांनाच बहुतेक जागा गेली. कामाच्या वेळांवर एकच ओळ आहे: 'लवचिक वेळ द्या, त्याला खर्च येत नाही.' या ओळीतल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

जाहिरातीत 'लवचिक वेळ' ठळक छापतात. मग नेमणूकपत्राच्या दुसऱ्या पानावर, रजेच्या कलमाखाली, एक वाक्य सापडते: 'कामाच्या वेळा व्यवस्थापनाच्या गरजेनुसार बदलू शकतात.' म्हणजे वेळ ठरवण्याचा हक्क उमेदवाराकडे नाहीच. प्रत्यक्षात सोमवारचे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, शनिवारी संध्याकाळी लागते, आणि रविवारी रात्री फोन येतो की पाळी बदलली. नव्या माणसाचा राजीनामा प्रोबेशन (सुरुवातीचा परीक्षाकाळ) संपायच्या आत टेबलावर येतो. त्यात नवल काय?

अर्थतज्ज्ञ अलेक्झांद्र मास आणि अमांडा पॅलेस यांनी अमेरिकेत खऱ्या नोकरभरतीत केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वतःची वेळ निवडता यावी म्हणून पगार कमी घ्यायला बहुतेक उमेदवार तयार नव्हते. घरून काम करता यावे यासाठी मात्र सरासरी ८ टक्के, आणि मालकाने ऐनवेळी ठरवलेल्या पाळ्या टाळण्यासाठी तब्बल २० टक्के पगार सोडायची त्यांची तयारी होती. माणसाला आधी हवी असते ती खात्री. पुढच्या गुरुवारी आपण किती वाजता सुटणार, हे त्याला आज कळायला हवे.

आता खर्चाचे. आठवड्याचे सातही दिवस सहा जागा भरायच्या तर ४२ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे सात माणसे लागतात. सातच नेमली, की एकाच्या तापाने अख्खा तक्ता विस्कटतो. बदलीसाठी आठवा माणूस असल्याशिवाय रोस्टर टिकत नाही, आणि त्याचा पगार द्यावाच लागतो. वचन देते एचआर (मनुष्यबळ विभाग), तक्ता लावतो सुपरवायझर, आणि जाहिरात निघण्यापूर्वी त्याला कोणी विचारलेलेही नसते. सगळी गाडी इथेच अडते.

म्हणून आधी सुपरवायझरसोबत बसून हिशोब करावा आणि मगच नेमणूकपत्रात आकड्यांत लिहावे: रोस्टर १४ दिवस आधी लागेल, त्यानंतरचा बदल कर्मचाऱ्याच्या संमतीनेच, दोन पाळ्यांत किमान ११ तासांची विश्रांती (युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात हीच मर्यादा आहे), आपसांत पाळी बदलायची तर सही कोणाची, तेही. हेच सगळे जुन्या लोकांनाही द्यावे. नाहीतर नवा येतो आणि दहा वर्षांचा अनुभवी निघून जातो. मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराला मागच्या महिन्याचे रोस्टर दाखवावे, खाडाखोडीसकट. ते दाखवायची लाज वाटत असेल, तर जाहिरातीत वेळेचा उल्लेखच करू नये.

'प्रशिक्षणाची संधी' हेही असेच. वर्ग साप्ताहिक सुट्टीला ठेवायचा आणि वर दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून घ्यायचा, याला बक्षीस म्हणू नये.

जाता जाता, आपल्याच नोकरीविषयक पानाबद्दल. तिथल्या बहुतेक चौकटींत पगाराच्या जागी 'आकर्षक वेतन' एवढेच असते. उमेदवार तीन फेऱ्या देतो, तीन रजा घालवतो आणि शेवटी आकडा ऐकून परत जातो. किमान आणि कमाल आकडा दिल्याशिवाय जाहिरात स्वीकारू नये. एवढे तरी आपल्या हातात आहे.

आपला,
एक नियमित वाचक