जुन्या दुर्बिणी द्या : पक्षी सप्ताहासाठी आवाहन

स. न. वि. वि.

मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनापासून (५ नोव्हेंबर) सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत (१२ नोव्हेंबर) आपला पक्षी सप्ताह. यंदाही नवख्यांना नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर, चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर न्यायचे आहे. नांदूर मधमेश्वर २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले तेव्हा अभिनंदनाचे फोन थांबत नव्हते. गेल्या वर्षी दुर्बिणी मागितल्या, तेव्हा एकही वाजला नाही. असो.

दिले त्यांचे ऋण मोठे. पोस्टमास्तर काकांनी स्वतःची ८×४० (आठपट मोठे दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) दुर्बीण दिली. मंडळातल्या निम्म्या लोकांनी पहिला चक्रवाक तिच्यातूनच पाहिला. चित्रकलेच्या बाईंनी थापट्या, तलवार बदक, शेकाट्या यांचे तक्ते हाताने रंगवले, आणि टेम्पोवाले मामा पहाटे साडेपाचला हजर राहून डिझेलचेही पैसे घेत नाहीत.

यंदा २४ मुले आहेत, दोघांत एक म्हणजे १२ दुर्बिणी लागतील. ८×४२ किंवा ८×३० उत्तम. १०×५० चालेल, पण जड असल्याने मुलांच्या हातात चित्र थरथरते. झूमवाल्या कृपया नकोत. दिसणारा भाग इतका अरुंद की उडता पक्षी सापडतच नाही. देण्याआधी दूरची वीजतार पाहा. एकीच्या दोन दिसल्या तर दुर्बीण कधीतरी पडली आहे. तसे सांगा, दुरुस्त करून घेऊ. भिंगात कोळिष्टकासारखे धागे असतील तर ती बुरशी (पावसाळ्यात चामडी पाकिटात कोंडल्याचे फळ). अशी दुर्बीण वेगळ्या पिशवीत द्या. आणि सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसू नका, धुळीचे कण वरचा लेप खरवडतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी.

पालकहो, तोवर मुलांना घरीच सुरुवात करू द्या. दयाळ, बुलबुल, शिंजीर, वेडा राघू एवढे पंधरा दिवसांत ओळखता आले तरी पुष्कळ. वहीत तारीख, वेळ, जागा, संख्या. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. आधी पक्षी सोडून दुर्बिणीकडे पाहिले की तो हरवलाच. मधले चाक फक्त डाव्या डोळ्याने जुळवायचे, मग डावा मिटून उजव्या नळीची कडी. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे आणि घरट्याजवळ जाणे आपल्याकडे चालत नाही, हे आत्ताच सांगावे.

दुर्बिणी/रोख/चेक (मंडळाच्या नावे) ३१ ऑक्टो.पर्यंत, मंडळाची खोली, सायं. ६ ते ७.३०, रवि. बंद. पावती मागून घ्यावी. उसनी दिलेली दुर्बीण १३ नोव्हें.ला परत मिळेल, पट्ट्यावर नाव लिहावे.

– चिटणीस