हात थरथरले म्हणून गाडी खोक्यात नको

पुणे,
२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या छोट्या रेल्वेचे डबे रुळावर बसवताना हात थरथरतात, म्हणून सगळी गाडी खोक्यात भरून माळ्यावर टाकणार आहेस, हे वाचून राहवेना. असं करू नकोस रे. अरे, तुझ्या एन स्केलच्या, म्हणजे त्या इवल्या मापाच्या गाडीच्या, दोन रुळांत अंतर केवढं, तर ९ मिलिमीटर! एका डब्याला आठ चाकं, दहा डब्यांची ऐंशी, आणि प्रत्येकाची कड जेमतेम मिलिमीटरभर. शिवाय डब्याखालच्या चाकांच्या दोन्ही चौकटी मोकळ्या फिरणाऱ्या. पुढची बसवावी तर मागची तिरकी होते. तरण्या पोरांचीही यात दमछाक होते.

तेव्हा डबा बोटांनी बसवायचाच नाही, उतरणीवरून सोडायचा. काटो या जपानी कंपनीच्या पटऱ्यांसाठी अशी प्लॅस्टिकची उतरण मिळते. एक टोक रुळांवर टेकवायचं, डबा वरच्या टोकाला ठेवायचा आणि हलकेच पुढे ढकलायचा. बाजूच्या कडा खाली येताना जवळ येत जातात, त्यामुळे तिरकी चाकं वाटेतच सरळ होतात आणि डबा अलगद रुळावर उतरतो. त्याच्यामागून दुसरा सोडलास की टक् करून पहिल्याला जोडला जातो. तो आवाज ऐकायला मी अजूनही खोलीतला पंखा बंद करतो.

मी आधी पुठ्ठ्याची करून पाहिली होती. चढ उभा झाला, तर लांब डब्याचं कपलिंग, म्हणजे जोडणीचा आकडा, खाली रुळाला अडकून बसलं. मग दुप्पट लांब केली, तेव्हा जमलं. घरी करणार असशील तर पुठ्ठा नाहीतर प्लॅस्टिकच घे, पत्रा अजिबात नको. दोन्ही रूळ पत्र्याने जोडले गेले की शॉर्ट सर्किट झालंच म्हणून समज. आणि डबे चढवताना वीज बंद ठेव.

डबा नीट बसलाय का, हे बघायला डोळे ताणू नकोस. एका बोटाने वीतभर सरकव. चाकं रुळावर असली तर डबा बिनआवाज जातो, एखादं खाली उतरलं असेल तर रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर खडखडतं. कानांचा भरवसा धर, तुझे कान अजून शाबूत आहेत!

चालत्या गाडीचं चाक घसरतं त्यावरही उपाय आहे. लेव्हल क्रॉसिंगवरच्या रस्त्यासारखा दिसणारा रुळाचा तुकडा मिळतो. रुळांची मधली आणि बाहेरची जागा भरलेली, फक्त चाकाच्या कडेपुरती खाच. घसरलेलं चाक त्या भरावावर चढतं आणि पुढे जाता जाता खाचेत पडतं. हा तुकडा सरळ मार्गावर, बोगद्याच्या अलीकडे लाव. आत डबा अडकला तर काढायला तुझा हात पोचणार नाही.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं, तेव्हा आपण दोघं पोरांना घेऊन गेलो होतो, आठवतं? पोरं कंटाळून बाहेर गेली आणि आपण तिथेच चिकटून उभे. आता तूच गाडी माळ्यावर टाकलेली मला बघवणार नाही.

तुझ्या पटरीची खालच्या भरावासकट रुंदी मोजून फोनवर सांग. त्या मापाची उतरण करून रविवारी घेऊनच येतो. खोकी तोवर उघडीच ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अरविंद