एप्रिल फूल करा, पण त्याच दिवशी सांगून टाका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एक एप्रिलला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कॉलेजच्या मुलाने मेसेज टाकला की पाच तारखेच्या आत बँकेत जाऊन नवीन फॉर्म भरला नाही तर पेन्शन बंद होणार, आणि खाली बरीच जागा सोडून एप्रिल फूल लिहिलं होतं. ग्रुपवाले हसले, विषय संपला. पण कोणीतरी फक्त वरचा भाग कॉपी करून पुढे पाठवला आणि तो फिरत फिरत त्याच रात्री माझ्या वडिलांच्या मोबाईलवर आला. एक तारखेला क्लोजिंगमुळे बँका लोकांसाठी बंद असतात त्यामुळे दिवसभरात कोणी जाऊन विचारलं असण्याचाही प्रश्न नव्हता. वडील ७९ वर्षांचे, दोन तारखेला मला न सांगता पासबुक, आधारची झेरॉक्स, दोन फोटो असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भर उन्हात रिक्षाने गेले, तासभर लाईनीत उभे राहिले, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली असं काही नाहीये आजोबा. घरी आल्यावर काही बोलले नाहीत, पिशवी टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं. ते गप्प बसणंच मला जास्त लागलं. त्या मुलाला कळल्यावर तो येऊन वडिलांच्या पाया पडून गेला, त्याच्या मनात वाईट नव्हतं हे मी मानते.

मला एप्रिल फूल मनापासून आवडतं हो. लहानपणी आई दरवर्षी कांदाभज्यांच्या घाण्यात दोन-तीन कापसाची भजी सोडायची, वरून अगदी तशीच खरपूस, आणि कोणाच्या तरी दातात तो चिवट कापूस आला की सगळं घर खिदळायचं, मग आई त्याला लगेच आपल्या ताटातली गरम भजी द्यायची. लिमलेटच्या कागदात खडा गुंडाळणं, नोटेला दोरा बांधून गल्लीत टाकणं, पाठीला चिठ्ठी चिकटवणं (फ्रान्समधली पोरं या दिवशी पाठीला कागदाचा मासा चिकटवतात म्हणे), या सगळ्यात फसवणारा तिथेच हजर असायचा आणि दोन मिनिटांत खरं काय ते कळायचं.

ब्रिटनमध्ये तर जुना रिवाज आहे की फसवायचं ते दुपारी १२ पर्यंतच, त्यानंतर जो फसवेल तोच मूर्ख. तिथेच १९५७ साली बीबीसीने टीव्हीवर स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडतायत असं दाखवलं होतं, तेव्हा तिकडे हा पदार्थ बऱ्याच जणांच्या ओळखीचा नव्हता, त्यामुळे लोकांनी फोन करून विचारलं की झाड लावायचं कसं. पण त्यात कोणाच्या पोटात भीतीचा गोळा आला नाही. आपल्याकडे २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं होतं की एप्रिल फूलच्या नावाखाली अफवा पसरवल्या तर कारवाई होईल, आणि ते योग्यच होतं, कारण फॉरवर्ड झालेल्या मेसेजला ना दुपारचे १२ कळत ना तारीख.

म्हणून वाचकांना हात जोडून विनंती आहे की पेन्शन, बँक, आजारपण, कोणाचं जाणं, परीक्षा हे विषय सोडा आणि शक्यतो समोरासमोर फसवा. आणि पेपरवाल्यांनाही एक सांगायचंय, एक एप्रिलला गमतीची बातमी छापलीत तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर तेवढ्याच मोठ्या हेडिंगमध्ये खुलासा द्या, कोपऱ्यात दोन ओळी नको, आणि वेबसाईटवर त्याच बातमीच्या अगदी वरच्या ओळीत ही गंमत होती असं लिहून ठेवा, कारण तिचा स्क्रीनशॉट काढला तरी ती ओळ सोबत जाईल आणि माझ्या वडिलांसारखी माणसं पेपरात आलंय म्हटल्यावर पुढे कोणाला विचारत नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा