टायमिंग एकेक अंशानंच सरकवा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सा. न.

ड्रॅगच्या (सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीच्या) आरएक्स 100 चं इंजिन गॅरेजात उघडलंय, असं आई फोनवर म्हणाली. बाबा, रोजच्या वापराच्या गाडीचं टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडायची वेळ, तुम्ही आवाजावरून अचूक लावता. पण या इंजिनाला कान पुरत नाही. एक्स्पान्शन चेंबरच्या (फुगीर एक्झॉस्ट पाइपच्या) आवाजात नॉकिंग (अवेळी भडक्याची टकटक) दबून जातं आणि कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. 9,000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 54 अंश फिरतो आणि पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून करंट (ठिणगी) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, आधी पडावा लागतो. किती आधी, ते मोजूनच ठरवायचं.

आधी मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चुंबकी चक्र) काढून त्याची की, म्हणजे ते जागेवर धरणारी छोटी पट्टी, बघा. ती थोडी जरी कापली गेली असेल, तर पुढची सगळी मापं खोटी.

मग खरा टीडीसी. नुसत्या डायल गेजवर (पिस्टनची हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) विसंबू नका. स्ट्रोक 50 मिमी आणि रॉड 100 मिमी धरला, तर टीडीसीच्या 5 अंश अलीकडे पिस्टन जेमतेम 0.12 मिमी खाली असतो. तिथं काटा जवळपास हलतच नाही. जुन्या प्लगचं पोर्सिलेन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवा, पिस्टन स्टॉप तयार. मॅग्नेटला डिग्री चक्र (अंशांच्या खुणांची चकती) लावा, हळूच फिरवा, पिस्टन अडेल तिथं खूण करा. उलटं फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. आई, चक्रावरचे बारीक आकडे तू वाच आणि वहीत लिही, बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

त्याच मापानं 20 अंश म्हणजे पिस्टन 1.87 मिमी खाली आणि 18 अंश म्हणजे 1.52 मिमी. रॉडची लांबी मात्र प्रत्यक्ष मोजून घ्या. प्लगचं भोक तिरकं असेल तर गेजही तिरका बसतो, मग हेड काढूनच मोजा. कॉइल प्लेट मॅग्नेटच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की टायमिंग अॅडव्हान्स होतं, म्हणजे करंट आणखी आधी पडतो. बाहेरून खूण करायची तर 110 मिमी व्यासाच्या मॅग्नेटवर एक अंश म्हणजे 0.96 मिमी.

इंजिन चालू करून टायमिंग लाइटनं (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्यानं) पुन्हा तपासा, कारण सीडीआय (करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वेग वाढला की करंटची वेळ थोडी बदलू शकतो. लाइटला वेगळी 12 व्होल्टची बॅटरी द्या, गाडीच्या वायरिंगवर ती कधीकधी भलतेच फ्लॅश मारते.

प्रोग्रॅम होणारा सीडीआय असेल, तर मधल्या वेगाला 20 आणि 10,000 ला 15 अंशांवरून सुरुवात करा. फोर-स्ट्रोकची सवय असलेल्याला वरच्या आरपीएमला टायमिंग मागे (उशिरा) घेणं उलटं वाटेल. पण टू-स्ट्रोकमध्ये उशिरा पडलेल्या करंटमुळे जास्त उष्णता एक्स्पान्शन चेंबरमध्ये जाते, तिथली दाबाची लाट वेगानं परत येते आणि इंजिन वरच्या आरपीएमला ओढत राहतं. फार मागे घेतलं तर मात्र खालून जोर जातो आणि एक्झॉस्टचा बेंड (पाइपचं वळण) निळा पडतो.

जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) आधी ठरवा, टायमिंग नंतर. एका वेळी एकच अंश बदला. धाव किती सेकंदांत झाली त्यापेक्षा शेवटच्या टप्प्यातला वेग बघा. वेळ क्लच सोडण्यावर आणि टायरच्या पकडीवरही असते. वेग वाढायचा थांबला की एक अंश मागे या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि हेड आधीच तापलेलं असतं, तेव्हा आणखी एक अंश मागे.

फुल थ्रॉटलवरच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि तिथंच प्लग काढून बघायचा. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके असतील तर टायमिंग कमी करा. चकचकीत चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. मग दुसरी धाव नाही, हेड उघडायचं. पिस्टनची कड एक्झॉस्टच्या बाजूनं आधी खाल्ली जाते.

आई, पोरांना हायवेवर टेस्ट करू देऊ नकोस. तू बोललीस की ऐकतात. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नाहीतर परवानगी असलेल्या बंद ट्रॅकवरच गाडी काढायची, हेल्मेट आणि जॅकेट घालूनच.

वहीतल्या पानाचा आणि प्लगचा जवळून फोटो पाठवा. प्लग उन्हात धरून काढा, फ्लॅश नको, त्यात कण आणि ठिपके सारखेच दिसतात.

तुमची,
सोनी