‘ग्राउंड रूल्स’ म्हणजे मूलभूत नियम नव्हेत

संपादक महोदय,

चर्चा, वाटाघाटी, मुलाखती यांच्या बातम्यांत ‘ग्राउंड रूल्स’ हा इंग्रजी शब्दप्रयोग वारंवार येतो आणि मराठीत त्याचे सरसकट ‘मूलभूत नियम’ होते. कधीकधी तर ‘जमिनीवरचे नियम’. दोन्हींत अर्थ निसटतो.

शब्द आला बेसबॉलमधून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यातले ‘ग्राउंड’ म्हणजे पाया नव्हे, मैदान. बेसबॉलची मैदाने एकसारखी नसतात, म्हणून नियमपुस्तकाच्या जोडीला त्या-त्या मैदानापुरते नियम लागतात. शिकागोच्या रिग्ली फील्डवर मैदानाच्या कडेची विटांची भिंत वेलींनी झाकलेली आहे. चेंडू वेलीत अडकला की फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांपैकी दोन, मिळतात; तोच सुटून खाली पडला तर खेळ चालू राहतो. म्हणून क्षेत्ररक्षक वेलीत हात न घालता दोन्ही हात वर करून पंचांना खूण करतो. असे नियम सामन्याआधी पंच आणि दोन्ही संघांचे प्रतिनिधी होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, भेटून स्पष्ट करून घेतात.

या शब्दाचा सगळा अर्थ त्या भेटीत आहे: नियम सुरुवातीआधी स्पष्ट होतात, दोन्ही बाजूंना माहीत असतात आणि तेवढ्या प्रसंगापुरते चालतात. व्याकरणाचे किंवा गणिताचे नियम मूलभूत खरे, पण ते ‘ग्राउंड रूल्स’ नव्हेत. ते कुणी बसून ठरवलेले नाहीत. ‘रूल ऑफ थंब’शीही गल्लत नको, तो ठोकताळा.

बैठकीत कोणी किती मिनिटे बोलायचे, मध्येच तोडायचे की नाही, निर्णय बहुमताने की एकमताने, बाहेर काय सांगायचे, हे ‘ग्राउंड रूल्स’. पाच-सहा पुरतात, वीस केले की कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा कुणी नेमला नाही, तर पहिल्याच वादात मोडतात. मुलाखतीत नाव छापायचे की नाही हेही बोलणे सुरू होण्याआधीच ठरायला हवे. सगळे बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ म्हटले तर ती केवळ विनंती.

इंग्रजीत हा शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. मराठीत आपल्याकडे ‘पथ्ये’ हा नेमका शब्द तयार आहे: ‘दोन्ही शिष्टमंडळांनी चर्चेची पथ्ये आधी ठरवून घेतली.’ औपचारिक मजकुरात ‘पूर्वनिश्चित नियम’ चालेल. एकाच बाजूने नियम घातले असतील, तर तिथे मात्र ‘अटी’ लिहावे.

— एक अनुवादक