चिऊच्या जबड्याखालची गाठ

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर चिऊचा सुजलेला जबडा बघितलास आणि आई, तू एकदम गप्प होऊन फोन बाबांकडे दिलास. तुला माई मावशी आठवली ना? तिच्या मानेवरच्या व्रणाबद्दल आम्ही विचारलं की तू "गंडमाळा होत्या" एवढंच म्हणून विषय बदलायचीस. फोनवर चिऊ मांडीतच असते, म्हणून लिहितेय.

गंडमाळा, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, नाहीत. गालगुंडही नाही, त्यामुळे बाबा, तुम्ही सांगितलेला हळद-चुन्याचा लेप लावलेला नाही. रागावू नका.

डॉक्टरांनी माझंच बोट धरून तिच्या जबड्यावर ठेवलं. हाडाची कड सरळ हाताला लागत होती आणि गाठ त्या कडेच्या खाली होती, मोठ्या बोराएवढी, गरम. गालगुंडात कानापुढची-खालची ग्रंथी सुजते, जबड्याचा कोपरा त्या सुजेत बुडतो आणि कानाची पाळी वर उचलली जाते. चिऊची पाळी जागच्या जागी. आणि टीबीची गाठ बहुतेक वेळा आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढते, फारशी दुखत नाही. हिची दोन दिवसांत आली, हात लावला की किंचाळते. आणि टीबी असता तरी आता साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात. मावशीचा काळ वेगळा होता गं.

मग त्यांनी तोंड उघडायला लावलं. खालची मागची दाढ मधोमध काळी, पोखरलेली, शेजारी हिरडीवर पुटकुळी. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, तसंच हे. दाढेतला पू अडवायला ही गाठ पुढे आली.

जेवताना ती एकाच बाजूने चावतेय हे मला मे महिन्यातच दिसलं होतं. "दुधाचाच दात, पडेल" म्हणून मी सोडून दिलं. पण दातांचे डॉक्टर म्हणाले, ही दाढ चिऊ दहा-बारा वर्षांची होईपर्यंत टिकायला हवी, नाहीतर पुढचे दात वाकडे येतात. तिला आत्ता कुठे सहा पूर्ण झालीत. गुरुवारी मुळं साफ करून कॅप बसवणार आहेत. अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरलाय. गाठ मात्र हळूहळू जाईल, दोन-तीन आठवडेही लागतील. रोज चाचपून बघू नका, असं मलाच दटावलंय. सूज वाढली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना झालं तर मात्र रात्री असो की पहाट, ताबडतोब न्यायचं.

बाबा, तुमच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांचा विषय डॉक्टरांसमोर चिऊनेच काढला. "आजोबा दुपारी एक आणि झोपताना एक देतात," पाठ केल्यासारखं सांगितलं! सगळं खापर तुमच्यावर नाही. चार वर्षांची होईपर्यंत रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत होते ती मीच. पण झोपतानाची गोळी आता बंद, दोघांनीही.

गणपतीला याल तेव्हा खिशात भाजलेल्या शेंगा आणा. तिला सोलायला आवडतात, आणि तेवढा वेळ तुमच्या मांडीवरून उठत नाही.

तुमची,
मनी