कॅबिनेटमधल्या दिव्यांना नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या कम्प्युटरबद्दल पेपरात काही छापून आलं की त्यात एक सल्ला हमखास असतो, रंगीत लाइटवर पैसे घालवू नका, त्याने स्पीड वाढत नाही. स्पीड वाढत नाही हे खरंच आहे, त्यावर वाद नाहीच, पण भिंतीला रंग दिल्याने भिंत जास्त वजन पेलत नाही तरी आपण रंग देतोच ना. मला सल्ला खटकत नाही, त्यामागचा सूर खटकतो, की ज्याच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या डब्यात, दिवे आहेत त्याला मशीनमधलं काही कळत नाही, नुसती शोबाजी. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे आणि ते जरा सविस्तर लिहितोय.

आज घरात जेवढी कम्प्युटरसारखी यंत्रं आहेत त्यातलं कुठलं आपण स्वतः उघडू शकतो? फोन चिकटवून बंद केलेला, टॅबलेट तसाच, बऱ्याच लॅपटॉपात आता रॅमसुद्धा बोर्डावर सोल्डर करूनच येते. उरला डेस्कटॉप. तो मालकाने उघडावा, हवं ते बदलावं अशीच त्याची रचना आहे, आणि उघडायची इच्छा बहुतेकांना बेंचमार्कचे, म्हणजे स्पीडच्या चाचण्यांचे, आकडे वाचून होत नाही, आत काहीतरी छान दिसावं म्हणून होते. बाजूला काच आली की धूळ दिसते, लोंबकळणाऱ्या वायरी दिसतात, मग माणूस त्या नीट करायला बसतो आणि बसला की मदरबोर्डची, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाची, 24 पिनची जाड केबल कुठली, वरच्या कोपऱ्यातली 8 पिनची प्रोसेसरची कुठली, ग्राफिक्स कार्डला वेगळी का लागते हे सगळं हातानेच कळत जातं.

फॅनचंच घ्या. साध्या फॅनची जी बाजू दिसायला चांगली असते ती हवा आत ओढणारी असते आणि ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात तिथून हवा बाहेर पडते. आता काचेच्या कॅबिनेटमध्ये खालून किंवा बाजूने हवा आत घेणारा फॅन लावला की काचेतून नेमकी पट्ट्यांची बाजू दिसते, म्हणून लोक फॅन उलटा लावायचे आणि हवेचा सगळा हिशोब बिघडायचा, तापमान वाढलं की मग शोध सुरू व्हायचा की चुकलं कुठे. त्यावर उपाय म्हणून उलट्या पात्यांचे फॅन निघाले, त्यांची चांगली दिसणारी बाजूच हवा बाहेर सोडते. म्हणजे बघा, सुरुवात झाली दिसण्यापासून आणि माणूस पोचला थेट हवा कुठून येते कुठे जाते इथपर्यंत. ज्याला दिव्यांची हौस नाही अशा किती जणांना आपल्या कॅबिनेटमध्ये हवा कुठल्या दिशेने वाहते हे सांगता येईल?

दुसरं, हे दिव्यांचं वेड आजच्या गेमिंगवाल्या पोरांनी आणलं असं समजतात तेही खरं नाही. 1975 चा अल्टेअर 8800, घरी जोडायचा कम्प्युटर, नुसता घेतला तर त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, पुढच्या बाजूला खटके आणि लाल एलईडी, खटक्यांनी आकडे भरायचे आणि उत्तर दिव्यांत वाचायचं. 1976 च्या क्रे-1 सुपरकम्प्युटरभोवती गादीचा बाक होता आणि त्या बाकाखाली पॉवर सप्लाय लपवलेले. 1985 चा क्रे-2 तर फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून थंड ठेवायचे आणि तो द्रव बाहेरून दिसायचा. 1991 च्या कनेक्शन मशीन सीएम-5 वर लाल दिव्यांची अख्खी पॅनलं होती. ही सगळी अत्यंत गंभीर कामाची यंत्रं, आणि ती बनवणाऱ्यांना ती सुंदर दिसावीत असं वाटलं, त्यात कोणाला पोरकटपणा दिसला नाही.

मधल्या काळात घराघरांत तो मळकट पांढरा डबा आला. 1998 मध्ये अ‍ॅपलचा आरपार निळा आयमॅक आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे असंही दिसू शकतं, आणि साधारण त्याच सुमारास हौशी मंडळी घरीच कॅबिनेटचा पत्रा कापून अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवायला लागली होती, आत कोल्ड कॅथोडच्या, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारख्या, नळ्या लावायच्या, त्यांना व्होल्टेज वाढवणारा वेगळा छोटा इन्व्हर्टर लागायचा कारण त्या बऱ्याच जास्त व्होल्टेजवर चालायच्या. विकत तयार काही मिळायचं नाही, सगळं स्वतः करायचं. त्या पिढीबद्दल मला फार आदर आहे, आजचं सगळं त्यांच्या कापाकापीतून आलंय.

आणि ज्या निळ्या लाइटला आपण शोबाजी म्हणतो त्याची गोष्ट तर प्रत्येकाला माहीत हवी. दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये केला, पण भरपूर उजेड देणारा निळा एलईडी यायला नव्वदचं दशक उजाडलं, इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो करून दाखवला आणि त्यासाठी 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. निळा नाही तर लाल, हिरवा, निळा मिळून होणारे रंग नाहीत आणि आज घरातला पांढरा एलईडी बल्बही नाही, कारण तोही निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळा चमकणारा लेप, चढवूनच होतो. प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, तिन्ही मिळून 1 कोटी 67 लाखांच्या वर रंग. आताच्या अ‍ॅड्रेसेबल पट्टीत, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो तिच्यात, तर प्रत्येक एलईडीजवळ स्वतःची छोटी कंट्रोलर चिप असते, एकाच डेटाच्या वायरीवरून माहिती येते, पहिला एलईडी आपल्या वाटणीचे 24 बिट काढून घेतो आणि बाकीचे पुढच्याला देतो, तो पुढच्याला, असं करत शेवटपर्यंत. हे ज्या दिवशी मला समजलं त्या दिवसापासून त्या लाटा बघताना मला नुसते रंग दिसत नाहीत.

विजेचा मुद्दा कायम काढतात म्हणून सांगतो. असा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला तरी साधारण 0.3 वॉट घेतो, एका फॅनमध्ये 8 धरले तर अडीच वॉटच्या आत, आणि तेही पूर्ण पांढरे असतील तर. मोठं ग्राफिक्स कार्ड गेम चालू असताना 300 वॉटच्या पुढे सहज जातं. बिल दिव्यांमुळे वाढत नाही.

खरी नावं ठेवायची असतील तर ती वेगळ्या गोष्टींना ठेवायला हवीत. पुढून पूर्ण काच लावून हवेची वाटच बंद करणारी कॅबिनेटं, ती टाळा, पुढे जाळी असलेली घ्या. टेम्पर्ड ग्लासचा कोपरा सिरॅमिक टाइलवर टेकला तरी अख्खी काच चुरा होऊ शकते, ती काढली की कापडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. रात्री निळा लाइट डोळ्यात जाईल असा ठेवू नका, निळ्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन दबतं, अंधारात कमी ब्राइटनेसवर लाल किंवा केशरी पुरे. आणि जी इंद्रधनुष्याची लाट कंपनीतून येते तशीच वर्षभर फिरत ठेवणं यात हौस कुठे आली, आपल्याला काय आवडतं ते शोधा, मला स्वतःला एकच उबदार रंग आणि तोही मंद असलेलं मशीन सगळ्यात देखणं वाटतं. प्रोसेसर तापला की रंग बदलेल असं लावून ठेवलं तर दिवा कामाचाही होतो.

पण माझी मुख्य तक्रार आहे ती सॉफ्टवेअरची. ही सगळी सजावटीची दुनिया उभी आहे ती एका गोष्टीवर, सगळ्यांना खुल्या असलेल्या मापांवर. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स नावाचं मदरबोर्डचं माप ठरवलं आणि कंपन्यांनी ते पाळलं, म्हणून आजचा मदरबोर्ड त्या काळच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बहुतेक वेळा बसतो. काही जण मुद्दाम जुन्या पिवळ्या पडलेल्या डब्यात आतून एकदम नवीन मशीन बसवतात, त्याला स्लीपर म्हणतात, एकही दिवा नसतो आणि तरी ती सजावटच आहे, मला तर फार आवडते. हे शक्य झालं कारण स्क्रूची भोकं तीच राहिली.

दिव्यांचं मात्र तसं झालं नाही. ऑरा सिंक, मिस्टिक लाइट, आरजीबी फ्यूजन, पॉलिक्रोम, प्रत्येक बोर्डवाल्याचं वेगळं सॉफ्टवेअर, फॅनचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं, ती सगळी एकत्र टाकली की एकमेकांशी भांडतात, रॅम खातात, कंपनीने अपडेट बंद केले की चांगला चालणारा भाग शेवटच्या रंगावर अडकून पडतो. हेडरसुद्धा, म्हणजे बोर्डावर दिव्यांची वायर जिथे जोडतात त्या पिना, दोन प्रकारचे, 12 व्होल्टचा 4 पिनचा आणि 5 व्होल्टचा 3 पिनचा, 5 व्होल्टची पट्टी जोर लावून 12 वर बसवली की जळली म्हणून समजा. ओपनआरजीबी नावाचा मोफत खुला प्रोग्राम काही लोकांनी आपल्या वेळात लिहिला, त्याने खूप भाग एका जागी आणलेत. विंडोज 11 मध्ये 2023 पासून डायनॅमिक लायटिंग, म्हणजे विंडोजच्या सेटिंगमधूनच दिवे चालवायची सोय, आलंय, पण ते चालायला भाग बनवणाऱ्याने साथ द्यायला हवी आणि अजून सगळे देत नाहीत.

म्हणून तुमच्या पेपरला माझी मनापासून विनंती आहे. कम्प्युटरच्या पार्टबद्दल लिहाल तेव्हा लाइट आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. हेडर 5 व्होल्टचा की 12 चा, सॉफ्टवेअर न टाकता रंग बदलता येतो का, निवडलेला रंग त्या पार्टच्याच मेमरीत राहतो का, विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमधून चालतो का आणि पूर्ण बंद करता येतो का, एवढं प्रत्येक वेळी छापा. वाचक विचारायला लागले की विकणाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल.

आपला,
एक नियमित वाचक